धर्मादाय रुग्णालये आणि आपत्काळातील ऑनलाइन निधीसंकलन : लखनौच्या निमित्ताने एक अर्थशास्त्रीय अभ्यास

एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या पंधरवड्यात उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ कोविडच्या दुसऱ्या लाटेत सापडली. शहरातील काही खासगी रुग्णालयांनी प्राणवायू संपत आल्याच्या सूचना दारावर लावल्या आणि रुग्णांना अन्यत्र हलवण्याची विनंती नातेवाइकांना केली. १९ एप्रिल रोजी महाराष्ट्रातील कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे रिकामे टँकर घेऊन पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ निघाली होती. २४ एप्रिल रोजी बोकारोहून द्रवरूप प्राणवायूचे टँकर घेऊन अशीच एक गाडी लखनौत पोहोचली. शासकीय यंत्रणेची ही धावपळ चालू असताना नागरिकांच्या भ्रमणध्वनीवर दुसऱ्या एका प्रकारची धावपळ दिसत होती. रुग्णालये, न्यास, गुरुद्वारे, माजी विद्यार्थ्यांचे गट आणि परदेशस्थ भारतीयांच्या संघटना ऑनलाइन माध्यमातून निधी मागत होत्या.

अशा निधीसंकलनाकडे आपण सहसा भावनेच्या अंगाने पाहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने केला आहे. धर्मादाय रुग्णालयाला संकटकाळात पैसा कमी का पडतो, लोक तो का देतात, आलेला पैसा नेमके काय विकत घेऊ शकतो आणि कायद्याची चौकट त्याला कुठे मदत करते व कुठे अडवते, हे प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमातील आरोग्य, सार्वजनिक वित्त, स्वयंसेवी क्षेत्र आणि आपत्ती व्यवस्थापन या चारही घटकांना स्पर्श करतात.

जुनी परंपरा, नवे साधन

लोकांच्या वर्गणीतून रुग्णालय उभारणे लखनौला नवीन नाही. आज किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची कोनशिला २६ डिसेंबर १९०५ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पाचवे जॉर्ज, यांच्या हस्ते बसवण्यात आली. तिच्यामागे अवधच्या तालुकदारांनी व धनिकांनी दिलेल्या देणग्या होत्या. १९११ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. (मराठी वाचकांना हेही ठाऊक असावे की २०१२ पर्यंत काही काळ या विद्यापीठाला छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव होते.) शहरातील बलरामपूर रुग्णालय आपल्या नावातच एका राजघराण्याची स्मृती बाळगून आहे. निराला नगर भागात रामकृष्ण मिशनच्या सेवाश्रमाचे विवेकानंद पॉलिक्लिनिक हे मोठे धर्मादाय रुग्णालय आहे.

याहून जुने उदाहरण म्हणजे बडा इमामबाडा. १७८४ च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात नवाब असफउद्दौला याने हे बांधकाम काढले आणि हजारो लोकांना काम दिले. आजच्या भाषेत ही रोजगारनिर्मितीद्वारे दिलेली मदत होती. त्याविषयी एक आख्यायिका सांगतात. दिवसा बांधलेला भाग रात्री पाडण्याचे काम शहरातील दरिद्री झालेल्या प्रतिष्ठितांना दिले जाई, म्हणजे अंधारात त्यांचे चेहरे कोणी ओळखू नयेत. आख्यायिका खरी असो वा नसो, मदत घेणाऱ्याची प्रतिष्ठा जपण्याचा जो विचार तिच्यात आहे, तो ऑनलाइन निधीसंकलनाच्या संदर्भात पुन्हा उपस्थित होतो. त्याकडे पुढे येऊ.

महाराष्ट्रातही साथीच्या काळात लोकवर्गणी हाच आधार ठरला होता. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय सुरू केले. सरकारी रुग्णालयांविषयी लोकांच्या मनात भीती असताना लोकांचा विश्वास असलेली जागा निर्माण करणे हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासमवेत पुण्याजवळ प्लेगग्रस्तांची शुश्रूषा केली आणि त्या कार्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळी निधीचे आवाहन वृत्तपत्रातून होई आणि देणगीदारांच्या याद्या वृत्तपत्रांतच छापल्या जात. यादी छापण्यात देणगीदाराचा सन्मान होता, तसाच हिशेबाचा एक प्राथमिक पुरावाही होता. ऑनलाइन निधीसंकलनाने या दोन गोष्टी वेगवान केल्या. त्या त्याने शोधून काढलेल्या नाहीत.

वेग मात्र खरोखर वेगळा आहे. ‘यूपीआय’ ही देयक पद्धती २०१६ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२१ या एका महिन्यात तिच्यावरून सुमारे २६४ कोटी व्यवहार झाले. जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क शून्य करण्यात आले होते. त्यामुळे शंभर रुपयांची देणगीही गोळा करणे परवडू लागले. पूर्वी शंभराच्या पावतीसाठी माणूस पाठवला, तर त्याच्या वेळेचा खर्चच देणगीतील मोठा वाटा खाऊन टाकत असे. मिलाप (२०१०), किटो (२०१२) आणि इम्पॅक्टगुरू (२०१४) ही भारतीय निधीसंकलन व्यासपीठे या बदलाच्या आधीपासून कामात होती. यूपीआयने त्यांना व्यापक आधार दिला.

संकटात रुग्णालयाचे उत्पन्न का घटते?

रुग्ण वाढले की रुग्णालयाचे उत्पन्न वाढेल, अशी आपली सहज समजूत असते. धर्मादाय रुग्णालयाच्या बाबतीत बहुधा याच्या उलट घडते.

अशी रुग्णालये सामान्यतः अंतर्गत अनुदानावर, म्हणजे एका गटाकडून मिळालेल्या जादा उत्पन्नातून दुसऱ्या गटाला सवलत देण्यावर चालतात. नियोजित शस्त्रक्रिया, तपासण्या व खासगी खोल्या यांचे पैसे भरू शकणारे रुग्ण सर्वसाधारण कक्षातील गरीब रुग्णांचा भार उचलतात. साथ आली की प्रथम बंद होतात त्या नियोजित शस्त्रक्रिया आणि बाह्यरुग्ण विभाग. म्हणजे अनुदान देणारा गट नाहीसा होतो आणि अनुदान घेणारा गट मोठा होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर खाटांच्या एका न्यासाच्या रुग्णालयाचा मासिक खर्च एक कोटी रुपये आहे. त्यापैकी ५५ लाख वेतनावर, २५ लाख औषधे व साहित्यावर, १२ लाख वीज, प्राणवायू व देखभालीवर आणि ८ लाख इतर बाबींवर जातात. रुग्णशुल्कातून ९० लाख आणि व्याज व नियमित देणग्यांतून १० लाख मिळतात. ताळेबंद जेमतेम जुळतो. साथीच्या महिन्यात शुल्क ५५ लाखांवर येते. संरक्षक पोशाख, वाढीव औषधे, कर्मचाऱ्यांचा निवास व प्रोत्साहन भत्ता यांमुळे खर्च सव्वा कोटी होतो. उत्पन्न ६५ लाख, खर्च १२५ लाख, तूट ६० लाख. एक महिन्याच्या खर्चाइतकी, म्हणजे एक कोटीची गंगाजळी असली, तरी हे रुग्णालय दोन महिनेही तग धरू शकत नाही.

यात विमा कंपन्या व शासकीय योजनांकडून येणे असलेली रक्कम जमेस धरलेली नाही. ती हिशेबाच्या वहीत उत्पन्न म्हणून दिसते, परंतु औषध विक्रेत्याला वहीतील नोंद देता येत नाही, रोख द्यावी लागते. विद्यार्थ्यांनी तोटा आणि रोखटंचाई यांतील हा भेद नीट समजून घ्यावा. अनेक संस्था तोट्यामुळे नव्हे तर खेळत्या भांडवलाच्या अभावी अडचणीत येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये गोरखपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील दुर्घटनेच्या वेळी प्राणवायू पुरवठादाराच्या थकीत देयकांचा प्रश्न देशभर चर्चिला गेला होता, हेही येथे आठवावे.

गंगाजळी मोठी का ठेवली जात नाही, असा प्रश्न साहजिक आहे. एक कारण कायद्यात आहे. १९६१ च्या आयकर कायद्यानुसार करसवलत टिकवण्यासाठी धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टांसाठी वापरणे अपेक्षित होते. विशिष्ट हेतूसाठी संचय करण्याची सोय होती, परंतु तिची औपचारिकता पुष्कळ. दुसरे कारण मानसिक आहे. बँकेत ठेवी असलेल्या रुग्णालयाला देणगीदार देणगी देऊ इच्छित नाही. जेम्स ब्युकॅनन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘उदार दात्याचा पेच’ या संकल्पनेचा येथे उपयोग होतो. संकटात कोणीतरी सोडवील ही खात्री असली, की संकटापूर्वीची तयारी ढिली पडते. मात्र हे तत्त्व धर्मादाय रुग्णालयांना सरसकट लावणे अन्यायाचे होईल. तयारी न करण्याची सक्ती अंशतः आपणच, कायद्याच्या व देणगीदाराच्या रूपाने, त्यांच्यावर केलेली असते.

या क्षेत्राचा एकूण आकारही लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रसंगांपैकी सुमारे ४२ टक्के शासकीय, ५५.३ टक्के खासगी आणि केवळ २.७ टक्के धर्मादाय, न्यास किंवा स्वयंसेवी रुग्णालयांत घडले. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये ना-नफा रुग्णालयांच्या प्रतिमानावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच पार्श्वभूमीवर. वाटा लहान असला तरी जेथे शासकीय खाट मिळत नाही आणि खासगी खाट परवडत नाही, तेथे ही २.७ टक्क्यांची जागा मोलाची ठरते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांच्या खिशातून थेट जाणारा वाटा ३९.४ टक्के होता. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता. घट लक्षणीय आहे, पण उरलेला भारही हलका नाही.

लोक का देतात आणि कोणाला देतात?

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या लेखात माहितीची असममिती हा मुद्दा केंद्रस्थानी आणला. रुग्णाला उपचाराची गुणवत्ता पारखता येत नाही, म्हणून विश्वासाला बाजारात किंमत येते. हेन्री हॅन्समन यांनी १९८० मध्ये हाच विचार ना-नफा संस्थांना लावला. देणगीदार पैसा देतो आणि सेवा तिसऱ्याच कोणाला मिळते. ती मिळाली की नाही, हे देणगीदार पाहू शकत नाही. नफा वाटून घेण्यास मनाई असलेली संस्था त्याला तुलनेने विश्वसनीय वाटते. ऑनलाइन आवाहनात तर देणगीदाराने ते रुग्णालय कधी पाहिलेलेही नसते. त्यामुळे विश्वासाची चिन्हे अधिकच महत्त्वाची ठरतात : नोंदणी क्रमांक, संस्थेच्याच नावाचे बँक खाते, लेखापरीक्षित हिशेब, ओळखीच्या व्यक्तीची शिफारस.

दुसरी अडचण फुकट्यांच्या समस्येची. साथीत एखादे रुग्णालय चालू राहण्याचा लाभ वर्गणी न देणाऱ्यालाही होतो. मग कोणी का द्यावे? जेम्स अँड्रियोनी यांनी दाखवून दिले की देण्यातून मिळणारे वैयक्तिक समाधान हाही दात्याचा लाभ असतो आणि म्हणून केवळ सार्वजनिक हिताच्या गणिताने अपेक्षित असते त्याहून अधिक दान होते. परंतु हे समाधान सर्वत्र सारखे मिळत नाही. थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्येच लक्षात आणून दिले होते की ओळख असलेल्या एका जिवासाठी लोक तत्काळ पैसे देतात, मात्र आकडेवारीतील अनेक अनाम जिवांसाठी तेच लोक कर भरण्यास कुरकुरतात.

यातून एक व्यावहारिक विसंगती निर्माण होते. एका बालकाचे छायाचित्र लावून केलेल्या आवाहनाला जितका प्रतिसाद मिळतो, तितका ‘परिचारिकांचे दोन महिन्यांचे वेतन’ या आवाहनाला मिळत नाही. वास्तविक त्या बालकाला वाचवणारी व्यक्ती ती परिचारिकाच असते. रुग्णालये मग नाइलाजाने चेहरे पुढे करतात. अतिदक्षता विभागातील, शुद्धीवर नसलेल्या रुग्णाची संमती कोणी दिली, हा प्रश्न मागे पडतो. अंधारात भिंत पाडणाऱ्या त्या लखनवी प्रतिष्ठिताची आख्यायिका मला येथे आठवते. मदतीचा मोबदला म्हणून चेहरा मागू नये, एवढे तारतम्य अठराव्या शतकातील लोककथेतही होते.

करसवलतीच्या दृष्टीनेही संस्था आणि व्यक्ती यांतील फरक परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा. १९६१ च्या कायद्यातील कलम ८० जी खाली मान्यताप्राप्त रुग्णालयाला दिलेल्या देणगीवर सामान्यतः ५० टक्के वजावट, ठरावीक मर्यादेत, मिळत असे. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नसे आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यालाही नाही. एखाद्या रुग्णाच्या वैयक्तिक आवाहनाला दिलेल्या पैशावर मात्र ही वजावट नव्हतीच. उलट पन्नास हजारांवरील रक्कम नातेवाईक नसलेल्यांकडून मिळाल्यास ती त्या व्यक्तीच्या हाती करपात्र ठरण्याची शक्यता होती. म्हणूनच २५ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने कोविड उपचारासाठी मालकाकडून किंवा इतर कोणाकडून मिळालेल्या रकमेला २०१९-२० पासून करमुक्ती जाहीर केली.

पैसा आणि प्राणवायू

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. गोळा झालेला पैसा एप्रिल २०२१ मध्ये काय विकत घेऊ शकत होता?

मिनिटाला १० लिटर प्राणवायू लागणारा एक रुग्ण घ्या. दिवसाला त्याला १४,४०० लिटर, म्हणजे १४.४ घनमीटर वायू लागतो. मोठ्या, ‘जम्बो’ सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू मावतो. म्हणजे एका रुग्णाला दिवसाला दोन सिलिंडर. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये सिलिंडरमध्ये भरलेल्या वैद्यकीय प्राणवायूची कमाल किंमत, कर वगळून, घनमीटरला २५.७१ रुपये ठरवून दिली होती. त्या दराने या रुग्णाचा दिवसाचा वायू सुमारे ३७० रुपयांना पडतो. असे चाळीस रुग्ण असतील तर दिवसाला सुमारे ८२ सिलिंडर आणि जवळपास १५ हजार रुपये. कर, वाहतूक व सिलिंडरची अनामत धरून हा आकडा काहीसा वाढेल, इतकेच.

दिवसाला १५ हजार रुपये लखनौसारख्या शहरात तासाभरात जमू शकतात. तुटवडा पैशाचा नव्हता. तुटवडा वायूचा, टँकरचा आणि रिकाम्या सिलिंडरचा होता. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पहिल्या लाटेत देशाची वैद्यकीय प्राणवायूची कमाल मागणी दिवसाला ३,०९५ टन होती, ती दुसऱ्या लाटेत सुमारे ९,००० टनांवर गेली. उत्पादनाचे मोठे कारखाने पूर्वेकडील पोलादपट्ट्यात आणि मागणी उत्तर व पश्चिमेकडे. द्रवरूप प्राणवायू उणे १८० अंशांच्या आसपास राखणारे टँकर मर्यादित. अशा स्थितीत पुरवठा अल्पकाळात अलवचिक असतो. त्याच मर्यादित सिलिंडरमागे दहा रुग्णालयांचा देणगीचा पैसा धावू लागला, तर सिलिंडरांची संख्या वाढत नाही, काळ्या बाजारातील त्यांची किंमत तेवढी वाढते. एकाच्या वाट्याचा वायू दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक देणगीदाराचा हेतू शुद्ध असूनही एकत्रित परिणाम शून्य, किंवा सर्वांत कमी आवाज असलेल्या रुग्णालयाच्या दृष्टीने त्याहून वाईट, होऊ शकतो.

त्या एप्रिलमध्ये लखनौतील एका न्यासाच्या रुग्णालयाचे आवाहन एका जुन्या विद्यार्थ्यामार्फत माझ्यापर्यंत आले. त्यात प्राणवायूसाठी मोठी रक्कम मागितली होती. किती रुग्ण, किती सिलिंडर, पुरवठादार निश्चित आहे का, यातील काहीच नव्हते. मी पैसे पाठवले. अर्थशास्त्रज्ञही त्या दिवसांत वेगळे वागत नव्हते. नंतर कळले की वायू मिळालाच नाही, आणि ती रक्कम पुढे वेतनासाठी उपयोगी पडली. मला त्याचा खेद नाही. परंतु आवाहनात ‘प्राणवायू न मिळाल्यास ही रक्कम रुग्णालयाच्या चालू खर्चासाठी वापरली जाईल’ असे एक वाक्य असते, तर ते अधिक प्रामाणिक ठरले असते आणि लेखापरीक्षणाच्या वेळी संस्थेचीही सोय झाली असती. विशिष्ट हेतूने मिळालेली देणगी अन्य हेतूसाठी वापरणे ही साधी बाब नसते.

मग देणगीचा खरा उपयोग कुठे होता? पुरवठाच वाढवणाऱ्या खरेदीत. हवेतून प्राणवायू वेगळा करणारी संहत्रे परदेशातून आणणे हा त्यातील सर्वांत जलद मार्ग होता. पुण्यात मराठा चेंबर ऑफ कॉमर्सच्या पुढाकारातील ‘पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड रिस्पॉन्स’ने ‘मिशन वायू’ या नावाने एप्रिल २०२१ मध्ये सिंगापूरहून संहत्रे व श्वसनयंत्रे आणली आणि ती गरजू रुग्णालयांना वाटली. दिल्ली परिसरातील उद्योजकांच्या ‘मिशन ऑक्सिजन’ या गटाने ऑनलाइन देणग्यांतून असाच प्रयत्न केला. सचिन तेंडुलकर यांनी त्यास एक कोटी रुपये दिले. या दोन्ही प्रयत्नांत खरेदी एकत्रित झाली, हे महत्त्वाचे. पन्नास रुग्णालयांनी स्वतंत्रपणे परदेशी विक्रेता शोधण्यापेक्षा एकाने पन्नासांसाठी घासाघीस करणे केव्हाही स्वस्त. लखनौत तात्पुरत्या खाटांची भर मे २०२१ मध्ये पडली. अवध शिल्पग्राम येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेने उभारलेले कोविड रुग्णालय तेव्हा सुरू झाले.

शासनानेही या काळात किमतीची बाजू हलकी केली. २४ एप्रिल रोजी प्राणवायू व संबंधित उपकरणांवरील सीमाशुल्क तीन महिन्यांसाठी माफ झाले. ३ मे रोजी मोफत वाटपासाठी देणगी म्हणून येणाऱ्या कोविड साहित्यावरील एकात्मिक वस्तू व सेवा करात सूट मिळाली. ३ जून रोजी संहत्रांच्या विक्रीतील नफ्याच्या प्रमाणावर ७० टक्क्यांची मर्यादा आली. उपकरणे बाजारात दुर्मिळ झाली होती एप्रिलच्या मध्यात. नफ्याची मर्यादा आली ती लाट ओसरताना. सार्वजनिक धोरणातील ही कालविलंबाची समस्या सर्वपरिचित आहे.

कायद्याची चौकट

परदेशातून आलेला पैसा लहान रुग्णालयांपर्यंत सहज पोहोचला नाही. कारण विदेशी अंशदान विनियमन कायद्यातील सप्टेंबर २०२० ची दुरुस्ती. तिच्यानुसार परदेशी देणगी स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेला भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते उघडणे अनिवार्य झाले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेले परदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळते करण्यास मनाई झाली. खाते उघडण्याची मुदत ३१ मार्च २०२१ रोजी संपली होती. १८ मे रोजी ती ३० जूनपर्यंत वाढवण्यात आली. दरम्यानच्या सात आठवड्यांत, म्हणजे नेमक्या लाटेच्या शिखरावर, ज्यांची खाती तयार नव्हती त्यांना परदेशी पैसा घेता येत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी या दुरुस्तीची वैधता मान्य केली.

कायद्यामागील हेतू, म्हणजे परदेशी पैशाचा मागोवा घेता यावा, योग्यच आहे. परंतु पुनर्वाटपाची बंदी आपत्काळात विशेष जाचक ठरते. मोठी संस्था पैसा गोळा करू शकते, लहान रुग्णालय रुग्ण सांभाळू शकते. या दोघांमधला पूल कायद्याने काढून घेतल्यावर मोठ्या संस्थेला पैशाऐवजी वस्तू पोहोचवण्याची वाट शोधावी लागते. त्या वस्तूही परदेशी अंशदानातून आल्या असतील तर कायद्याच्या कक्षेतून सुटत नाहीत. माझ्या मते अधिसूचित आपत्तीच्या मर्यादित काळासाठी, नोंदणीकृत रुग्णालयांपुरती, पुनर्वाटपाची सशर्त मुभा देणे शक्य आहे.

देशांतर्गत निधीत कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा वाटा मोठा होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावयाची असते. २२ एप्रिल २०२१ रोजी तात्पुरती रुग्णालये आणि ५ मे रोजी प्राणवायू प्रकल्प व संहत्रे यांवरील खर्च त्यात धरला जाईल, असे स्पष्ट करण्यात आले.

महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश यांची तुलना येथे उद्बोधक आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत व १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यावयाच्या आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. योजनेच्या अंमलबजावणीविषयी तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेक रास्तही आहेत. तरीही ‘धर्मादाय’ या शब्दाला येथे मोजता येईल असा अर्थ आहे. सर्व सार्वजनिक न्यासांना लागू असणारा असा कायदा उत्तर प्रदेशात नाही. तेथील संस्था प्रामुख्याने १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यामुळे लखनौतील एखाद्या रुग्णालयाने स्वतःला धर्मादाय म्हणवले, तर किती खाटा मोफत आहेत, हे देणगीदाराला त्या रुग्णालयालाच विचारावे लागते. देणगीवर आधारित ऑनलाइन निधीसंकलनासाठी देशपातळीवरही स्वतंत्र कायदा नाही. सेबीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला चर्चापत्ररूपी मसुदा भांडवली रोख्यांद्वारे होणाऱ्या निधी उभारणीपुरता होता.

लाट ओसरल्यानंतर

पंतप्रधान केअर्स निधीतून जिल्हा व इतर शासकीय रुग्णालयांत हवेपासून प्राणवायू निर्माण करणारे प्रकल्प बसवण्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये १६२, २५ एप्रिल रोजी आणखी ५५१, आणि ऑक्टोबर २०२१ पर्यंत या निधीतील एकूण प्रकल्पांची संख्या १,२२४ झाली. धर्मादाय रुग्णालयांना असे प्रकल्प देणग्यांतून किंवा कंपन्यांच्या मदतीतून उभारावे लागले. मिनिटाला हजार लिटर क्षमतेचा प्रकल्प अंकगणिताने शंभर रुग्णांना पुरतो. पण त्याला अखंड वीज लागते, गाळण्या बदलाव्या लागतात, शुद्धतेची तपासणी करावी लागते आणि ते सारे जाणणारा तंत्रज्ञ लागतो. भांडवली खर्चासाठी उद्घाटनाची कोनशिला असते, देखभालीसाठी नसते. ऑनलाइन आवाहनाचा प्रतिसाद पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो आणि बातम्यांबरोबर ओसरतो. रुग्णालयाची तूट मात्र पुढील कित्येक महिने चालू राहते, कारण टाळलेल्या शस्त्रक्रिया लगेच परत येत नाहीत आणि उधारीवर घेतलेल्या औषधांची देयके तेव्हाच भरावयाची असतात. म्हणून आपत्काळात आलेल्या देणगीदारांपैकी काहींना दरमहा लहान रकमेचे नियमित देणगीदार बनवणे, हा त्या एका आठवड्याच्या मोठ्या रकमेपेक्षा रुग्णालयाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त परिणाम असतो. वर घेतलेल्या उदाहरणातील रुग्णालयाला दरमहा पाचशे रुपये देणारे दोन हजार लोक मिळाले, तर महिन्याला दहा लाख जमतात, आणि त्याचे व्याज व नियमित देणग्यांचे उत्पन्न दुप्पट होते.